रोगाला नाव कोणाचं

लग्नात सगळ्यांनी गळ घातली, तेव्हा पद्मजाने उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं. त्यानंतर तीस वर्षं नुसतं ‘अहो’ आणि ‘हे’. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. पद्मजाला ती कधी जाचली नाही. श्याम हा माणूसच तिला तेवढा मोठा वाटायचा.

परवा तळहातांवर तांबूस चट्टे उठले. तिला वाटलं, भांड्यांच्या साबणाने असतील. कोथरूडच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर ऋचाने रक्त तपासलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "काकू, सिफिलिस आहे. इंजेक्शनने बरा होतो. पण काकांनाही घेऊन या."

हा शब्द पद्मजाला नवा होता. पण शब्दांचं दुकान घरीच! श्याम इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. आमटी वाढता वाढता तिने विचारलं, "अहो, सिफिलिस म्हणजे काय हो?"

प्राध्यापक खुलले. "जुन्या लॅटिन काव्यातल्या एका मेंढपाळाचं नाव. देवाला डिवचलं म्हणून त्याला हा रोग जडला. खरी गंमत पुढेच आहे! फ्रेंच म्हणायचे, हा इटलीचा रोग. इटलीवाले म्हणायचे, फ्रेंचांचा. आपल्या वैद्यांनी नाव ठेवलं फिरंग, कारण फिरंग्यांकडून आला. स्वतःच्या अंगावर कोणीच घेत नाही बघ."

"मला झालाय."

त्यांचा घास हातातच राहिला. चेहरा पांढराफटक पडला, आणि डॉक्टरने यांनाही का बोलावलंय ते पद्मजाला समजलं. तिला रडू आलं नाही, नुसता संताप आला. इतकी वर्षं ज्याचा मान राखला, त्यानेच फसवलं होतं.

"बाहेर कुठे बोलू नकोस," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले खरे, पण बसायच्या आधीच सुरू झाले. "डॉक्टर, ही पार्लरला जाते. तिथूनच काहीतरी लागलं असेल."

"पार्लरमधून नाही होत, सर. शरीरसंबंधातून होतो."

"मग हिलाच विचारा," श्याम म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पद्मजा त्यांच्याकडे बघतच राहिली. बाहेरख्यालीपणा एक वेळ तिने गिळलाही असता. पण हे?

"काकू?" ऋचाने विचारलं.

"डॉक्टर, ज्याच्याकडून येतो त्याचं नाव या रोगाला द्यायची पद्धत आहे म्हणे. कोणी इटलीचं दिलं, कोणी फिरंग्यांचं. आमच्या घरी..." तीस वर्षांच्या सवयीने तिची जीभ क्षणभर अडली. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या घरी याला श्याम म्हणतात."