सव्वादहाचा अंधुक उजेड

“‘...मयत इसमाच्या अंगात मळकट पांढरा सदरा व खाकी विजार असून, अंधुक उजेडामुळे तो जीपचालकाच्या नजरेस न पडल्याने...’” प्रज्ञा वाचता वाचता थांबली.

“फुडं वाच,” रंभाजी म्हणाला.

“आबा, हे आपल्या दादाचं न्हाईच.”

“नाव कुनाचं हाय?”

“नाव दादाचंच हाय. एम-एटीचा नंबर बी तोच. वेळ सकाळी सव्वादहा लिवलीय.”

“आन सव्वादहाला अंधुक उजेड?”

टेबलापलीकडे हवालदार कानिफनाथ आगपेटीच्या काडीने कान कोरत बसला होता. त्याने काडीचं टोक नीट निरखून पाहिलं आणि मग सावकाश उत्तर दिलं. “पंचनाम्याचा नमुना असतो, बाबा. मागचा फुडं ठिवायचा आन नवा लिवायचा. नाव, गाडी, तारीख तेवढी बदलायची. एखादी वळ ऱ्हाती तशीच.”

“एखादी वळ?” रंभाजीने पिशवीत हात घालून जाकीट काढलं आणि टेबलावर आपटलं. दवाखान्यातून पोराच्या, प्रशांतच्या, कपड्यांचं गाठोडं मिळालं होतं, त्यातलं ते. भडक नारंगी कापड, छातीवर आणि पाठीवर चमकणारे पट्टे. उजवी बाजू रक्त सुकून कडक झाली होती. “हे पांढरं हाय का? सांगा ना साहेब, हे मळकट पांढरं हाय?”

“ते उचला आधी. ह्याच टेबलावर जेवतो मी.”

प्रशांतचा जलदान विधी होऊन दोनच दिवस झाले होते, आणि या माणसाला आपल्या टेबलाची पडली होती. रंभाजीच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने जाकीट उचललं नाही.

रंभाजी बांधकाम खात्यात मैलकुली होता. अठ्ठावीस वर्षं त्याने मिरजगावच्या अलीकडच्या त्या सडकेवर खड्डे बुजवले, गटारी उपसल्या, भर उन्हाळ्यात डांबराच्या पिंपाखाली जाळ घातला. टोळीतले दोन सोबती त्याच्या डोळ्यांदेखत गाडीखाली गेले. दोन्ही वेळा गाडीवाला एकच बोलला, माणूस दिसला नाही. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने टोळीला ही नारंगी जाकिटं वाटली आणि तेव्हापासून एकाही माणसाला गाडीचा धक्का लागला नव्हता. रंभाजीचा त्या जाकिटावर इतका विश्वास बसला, की ठेकेदाराच्या हातापाया पडून त्याने एक जास्तीचं मागून आणलं.

ते पोरासाठी होतं. प्रशांत गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला होता, आणि रोज एम-एटी दुचाकीवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालायचा. “हे अंगात असंल तरच गाडीला हात लावायचा,” रंभाजीने बजावलं होतं. प्रशांत आधी कुरकुरला. लोक त्याला ‘संत्र्या’ म्हणून चिडवायचे. पण मे महिन्यात घामाने निथळत असतानाही त्याने ते कधी काढलं नाही. बापाचा शब्द मोडायचा त्याचा स्वभावच नव्हता.

आणि तरी मेला. एका पुढाऱ्याच्या भाच्याने उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला जीप पार उजवीकडे घातली आणि समोरून आपल्या बाजूने येणाऱ्या प्रशांतला उडवलं. सरळ सपाट सडक, लख्ख ऊन. वर हा भाचा बिनदिक्कत सांगतो, दिसला नाही. आणि सरकारी कागद त्याच्या हो ला हो करतो.

“मला बाकी काई नगं,” रंभाजी म्हणाला. “पोराच्या अंगात काय हुतं ते खरं लिवा. माझ्या पोराची चूक नव्हती, एवढं लिवा.”

“पंचांच्या सह्या झाल्यात आता. गोरक्षची सही हाय बघा. त्यो म्हनला तर बदलतो. जावा, इचारा त्याला.”

गोरक्षचं हॉटेल फाट्यावरच होतं, अपघाताच्या जागेपासून दगड मारला तर पोचेल इतकं जवळ. रंभाजी आणि प्रज्ञा आत शिरले तेव्हा तो कपबशा विसळत होता.

“गोरक्ष, काय वाचून सही केलीस?”

“कोरा कागद हुता, बाबा. हवालदार म्हनले कर, मी केली.”

“मग आता चल आन खरं सांग.”

“माझं ध्यान नव्हतं, बाबा. गिऱ्हाईक हुतं.”

“तू त्याला बघून चा टाकायचास,” रंभाजी म्हणाला.

गोरक्षचे हात पाण्यातच थांबले. प्रशांत पलीकडच्या टेकाडावरून उतरायला लागला, की गोरक्षला तो नारंगी ठिपका दिसायचा. “संत्र्या आला रं,” म्हणत तो चहा टाकायचा, आणि प्रशांत येऊन गाडी स्टँडला लावेपर्यंत चहा उकळलेला असायचा. सगळा फाटा रोज ही गंमत बघायचा.

“त्या दिशी बी टाकला हुतास का न्हाई?”

“टाकला हुता,” गोरक्ष खालच्या आवाजात म्हणाला. “पन त्या पुढाऱ्याची मान्सं रोज हितंच बसत्यात. मला धंदा करायचाय, बाबा.”

बाकड्यांवर पाचसहा जण बसले होते. रंभाजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी चहात बघत होतं, कुणी छताकडे. याच तोंडांनी वर्षभर पोराला संत्र्या-संत्र्या करून हैराण केलं होतं, आणि आज एकालाही त्या जाकिटाचा रंग आठवत नव्हता. रंभाजी संतापून बाहेर पडला.

त्याची टोळी हाकेच्या अंतरावर खड्डे भरत होती. रंभाजीने कुणाला न विचारता लाल निशाण उचललं, दोन रिकामी पिंपं ढकलत आणून सडकेवर आडवी केली आणि मधोमध उभा राहिला. मैलकुलीच्या हातात लाल निशाण असलं, की रस्ता का बंद आहे हे कुणी विचारत नाही. आमदाराची गाडीसुद्धा गुमान थांबते. दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो यांची रांग लागली. सगळ्यांत पुढे जामखेडची एसटी होती.

हवालदार फटफटी दामटत आला. “डोकं फिरलं का रं तुझं? कुनी सांगितलं सडक अडवाया?”

“तुमाला साक्षीदार पायजे ना? मग इचारू द्या,” रंभाजी म्हणाला, आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या दरवाजाशी गेला. “डायव्हरसाहेब, एम-एटीवरचं पोरगं, नारंगी जाकीट घातल्यालं. कधी दिसलं का तुमाला?”

“म्हंजी काय, रोज दिसायचं,” ड्रायव्हर म्हणाला. “अर्ध्या मैलावरनं दिसायचं. त्याला बघून मी गाडी कडंला घ्यायचो, आन ते हात करून जायचं. दहा-बारा दिस झालं, दिसलं न्हाई. बदली झाली का त्याची?”

प्रज्ञाने ओढणी तोंडात कोंबली.

“गेलं,” रंभाजी म्हणाला. “हितंच गेलं. आन ह्यांच्या कागदात लिवलंय, ते दिसत नव्हतं.”

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खाली उतरून तो हवालदारासमोर उभा राहिला. “घ्या माझा जबाब. नाव लिवा, बिल्ला नंबर लिवा. कुन्या कोर्टात बोलवायचं तिथं बोलवा.” मागचा टेम्पोवाला पुढे आला, म्हणाला, माझाही घ्या. एसटीच्या खिडक्यांतून चाळीस डोकी बाहेर आली होती. इतक्या लोकांसमोर नाही म्हणायची हवालदाराची टाप नव्हती. दात-ओठ खात त्याने फटफटीच्या सीटवर कागद पसरला आणि यावेळी कुठलाही नमुना पुढे न ठेवता लिहायला घेतलं.

दिवस मावळायच्या आत दोघं घरी पोचली. प्रशांतची आई आक्काबाई दारातच बसली होती.

“लिवलं का?”

“लिवलं.”

“वाच गं.”

प्रज्ञाने उतरवून आणलेला जबाब वाचला. “‘सदर इसमाच्या अंगात नारंगी रंगाचे जाकीट असे. मी त्यास रोज पाहत असे. सदर इसम अर्ध्या मैलावरून स्पष्ट दिसत असे.’”

“म्हंजी माझं लेकरू दिसत हुतं,” आक्काबाई म्हणाली.

“व्हय,” रंभाजी म्हणाला.

“आन तरी?”

सकाळपासून तो हवालदाराशी भांडला, गोरक्षशी भांडला, सगळी सडक त्याने अडवून धरली. आता तो उंबऱ्यावर टेकला आणि पायातलं पायताण सोडायला वाकला, पण बंद काही सुटेना. शेवटी प्रज्ञाने कागद बाजूला ठेवला आणि खाली बसून बापाच्या पायातलं पायताण काढलं.