कंसाबाहेरचं वजा

बाईंनी फळ्यावर समीकरण लिहायला घेतलं आणि खडूच तुटला. मागच्या बाकावर मोठे सर बसले होते. नववीच्या अ तुकडीला ते स्वतः गणित शिकवत. आधी नियम पाठ, मग उदाहरणं, आणि वर्गात चिडीचूप. ब तुकडीत बाईंची तऱ्हा उलटी. नियम मुलांनीच शोधायचा, आणि बाई चुकल्या तर ज्याला दिसेल त्यानं खुशाल उठून सांगायचं. यातली कुठली पद्धत ठेवायची ते सर आज ठरवणार होते. दुसरी बंद.

शाळेत असताना याच सरांपुढे बाईंची दातखीळ बसायची. आता केस पिकायला लागले, तरी मेली भीती जागची हलायला तयार नाही.

२क्ष − (क्ष − ३) = ७. घाईघाईत त्यांनी कंस काढला आणि आतलं वजा तीन तसंच खाली उतरवलं. उत्तर आलं दहा. ते पाहिलं मात्र, चूक बाईंच्या ध्यानात आली. कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात, हे त्या रोज घसा फोडून सांगत.

पहिल्या बाकावरची चिंगी उठली. चुका पकडण्यात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं.

“बाई, तुमचं ते...”

आज नको गं, आज तेवढी गप्प बस, असं बाई मनातल्या मनात विनवत होत्या. डोळे मात्र वटारले गेले. चिंगीनं हे डोळे कधी पाहिलेच नव्हते.

“काही नाही, बाई.”

ती बसली. सगळ्यांनी मुकाट्यानं दहा उतरवून घेतलं.

तास संपल्यावर सर दाराशी थांबले.

“उत्तर चार येतं.”

“हो, सर.”

“ती पोरगी उठली होती. मग बसली का?”

बाई बोटांवरची खडूची पूड झटकत राहिल्या.

“माझ्या वर्गात अशीच बसतात,” सर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. “तुमच्याकडे काही वेगळं बघायला मिळेल म्हणून आलो होतो. असो. सोमवारपासून दोन्ही तुकड्या माझ्याच पद्धतीनं.”

ते गेले. बाई तशाच आत वळल्या आणि चिंगीच्या बाकाशी जाऊन वाकल्या.

“मघाशी काय सांगत होतीस, बाळा? सांग ना आता.”

चिंगी चटकन उभी राहिली. हाताची घडी, मान खाली.

“तुमचं बरोबर आहे, बाई.”