टोपीवरची घार

चिमटीनं शाळा सोडली की शाळेनं चिमटीला, यावर घरात अजून एकमत नाही. बाईंनी तिची वही वर्गासमोर फडकवली, हिनं ती बाईंच्या हातातून हिसकावली आणि जी तरातरा बाहेर पडली ती परत काही गेली नाही. आता ती मास्तरांच्या दुकानात भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन चालवते. मास्तर म्हणजे शिंपी हां. शाळेतला असता तर त्याच्याकडेही टिकली नसती. चिमटी हे नाव त्यांनीच पाडलं. हातात दोरे ओढायची चिमटी, आणि तोंड उघडलं की समोरच्याला चिमटा.

काम तसं एकसुरी. टोपी फ्रेममध्ये ताणून बसवायची, मागून बकरमचं कडक कापड लावायचं, दोरे ओवायचे, बटण दाबायचं. दोरा तुटला की मशीन थांबून टुकटुक करायचं. दुकानात दिवसभर तेवढंच काय ते बोलणारं. मास्तर कामाला वाघ, पण बोलायला पैसे पडतात असं वागायचे. घरी दादा. तो पार्सलं वाटून आला की मोबाईलमध्ये तोंड खुपसायचा. आई दुसऱ्या शहरात एका अंथरुणाला खिळलेल्या बाईची सेवा करायला राहिलेली. सुट्टीच्या दिवशी फोन करायची, "जेवलीस का?" विचारायची, आणि त्याच्यापुढे दोघींनाही काही सुचायचं नाही.

म्हणून मावशी.

मावशी सख्खी नाही, चुलत नाही, पाहिलेलीसुद्धा नाही. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात एकटी राहणारी म्हातारी. चिमटीनं एकदा हातानं भरलेल्या पानाचा व्हिडिओ टाकला होता. बाकीच्यांनी वाहवा केली. या बाईनं लिहिलं, "देठ उलटा भरलास. का?" झालं, चिमटीच्या नाकाला मिरची झोंबली. "माझं पान, माझा देठ, तुमचं काय जातं?" फोननं ते जसंच्या तसं त्यांच्या भाषेत करून पाठवलं. म्हातारीनं हसण्याचे चेहरे पाठवले आणि खाली स्वतःच्या भरतकामाचा फोटो. तो बघून चिमटीनं फोन डोळ्यांजवळ धरला. त्या फोटोतली फुलं कापडावर नुकतीच येऊन पडल्यासारखी होती.

तेव्हापासून दुपारी, मास्तर कापडाच्या ताग्यांवर आडवे झाले, की व्हिडिओ कॉल. इकडे दुपार, तिकडे सकाळ. मावशीच्या हातात कप, पाठीमागे एक खिडकी. एक बोलणार, मग फोन त्याचं भाषांतर करणार, मग दुसरी हसणार. हसू नेहमी उशिरा पोचायचं. पण पोचायचं. "आज केस नाही विंचरलेस," मावशी म्हणायची. चिमटीच्या केसांकडे लक्ष असलेलं जगात हे एकच माणूस होतं.

मावशीचा वाढदिवस आला. चिमटीनं ठरवलं, उशीचा अभ्रा भरायचा, आणि मशीनवर नाही, हातानं. पण भरायचं काय?

आता या धंद्याची एक रीत आहे. मशीनच्या पेटीत शेकडो डिझाईन असतात, पण त्यांची नावगावं कोणी विचारत नाही. मोठा गुलाब, छोटा वाघ, गोल नक्षी. दिसतं तसं म्हणायचं आणि चालवायचं. त्यात सगळ्यात जास्त खपणारी म्हणजे घार. काळी, पंख पसरलेली, नखांत किल्ली धरलेली. बाईकवाली पोरं तिच्यासाठी वेडी. "कडक दिसते," म्हणायची. दादाच्या टोपीवरही तीच. चिमटीनं मागे एकदा विचारलं होतं, ही आली कुठून? मास्तर सुई तोंडात धरून म्हणाले होते, "एक गिऱ्हाईक घेऊन आलं. जुन्या फौजेची खूण आहे म्हणे." आणि त्यांनी ज्या देशाचं नाव घेतलं तो मावशीचाच देश.

मग काय! आपल्या मुलखातली वस्तू परक्या घरात दिसली की माणूस हरखतंच. चिमटीनं घार भरायला घेतली. एकेक पीस वेगळ्या काळ्या दोऱ्यानं. किल्ली जरीची. देठ उलटा भरणारी पोरगी यावेळी एकही टाका चुकली नाही.

वाढदिवसाच्या दुपारी तिनं अभ्रा फोनसमोर धरला. मावशीनं आधी टाळ्या पिटल्या. मग चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, आणि पडद्याजवळ आली.

चष्म्यावरचा हात तसाच राहिला.

मग तिनं समोरचा कप बाजूला सारला. काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "ते खाली ठेव."

"आवडलं नाही? अहो, तुमच्याकडचंच आहे!"

"ते खाली ठेव," फोन पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच गोड, बँकेतल्या बाईसारखा. पण मागे मावशीचा खरा आवाज होता, आणि तो फाटला होता. मग पडदा काळा.

चिमटीला आधी रागच आला. डोळे फुटेस्तोवर भरलं, आणि वर ही तऱ्हा! पण रागाखाली भीती होती. तिनं घारीचा फोटो काढून मोबाईलला विचारलं, हे काय आहे. मोबाईलनं उत्तरांचा ढीग टाकला. तो वाचायचा तिला कंटाळा, पण फोटोंना वाचावं लागत नाही. घार टोप्यांवर, गाड्यांवर, एका उंच भिंतीवर. टोपीवाले शिपाई रस्त्यात उभे, आणि त्यांच्यासमोर माणसं गुडघ्यांवर, हात डोक्यामागे. एका बाईच्या हातात पिशवी होती. बाजारातून आणलेली असावी. तीही गुडघ्यांवर.

चिमटीनं मशीनकडे बघितलं. फ्रेममध्ये अर्धी घार होती.

"मास्तर, उठा!" ती ओरडली. "हे बघा!"

मास्तरांनी फोटो पाहिले. डोळे चोळले. "वाईट झालं," म्हणाले. "कधीचं आहे?"

"कधीचं का असेना!"

"अगं, कुठला देश, कुठली फौज. इथं कोणाला ठाऊक आहे? पोरांना घार म्हणजे घार."

"मला ठाऊक आहे ना आता!"

"मग तुझ्यापाशी ठेव." त्यांनी मशीनचं बटण दाबलं. "उद्या ऑर्डर द्यायचीय. तुझ्याच दादाच्या ग्रुपची आहे."

चिमटीनं कचकन दोरा तोडला. मशीन टुकटुक करू लागलं. मास्तरांनी शांतपणे उठून तो परत ओवला. त्यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत निदान आवाज तरी करते.

घरी दादाला फोटो दाखवले. तो जेवता जेवता थांबला. "हे आपल्या घारीचे?"

"तुमच्या. माझी नाही."

"पण आम्ही काय कोणाला मारलंय का?"

"मग घालू नकोस."

"सगळे घालतात गं. मी एकटाच काढून काय सांगू? बहिणीची फोनमधली म्हातारी रडली?" तो हसायला गेला, पण अर्ध्यातच राहिलं. सकाळी टोपी घालूनच गेला. जाताना दारात क्षणभर थांबला, बस.

चिमटीनं मावशीला लिहिलं. माफ करा. मग, मला माहीत नव्हतं. मग, बोला ना. वाचल्याच्या खुणा येत होत्या. उत्तर येत नव्हतं. दुपारी मास्तर आडवे व्हायचे, ती फोन मांडीवर घेऊन बसायची आणि तिकडे आता सकाळ झाली असेल, कप भरला असेल, असं मोजत राहायची. टोप्यांच्या ऑर्डरला तिनं हात लावला नाही. मास्तरांनी स्वतः बसून केल्या. ती बटणं टाचत बसली. रस्त्यानं जाताना आता तिला घारीच घारी दिसायच्या. सिग्नलला, चहाच्या टपरीवर, एका बापाच्या खांद्यावर झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर. आधीही असणारच. कोणाला धरून सांगावं? सांगितलं तर म्हणतील, डोकं फिरलंय पोरीचं.

मग एका दुपारी मावशीकडून फोटो आला. शब्द नाही, नुसता फोटो. जुना, कडा दुमडलेला. एक पोरगा, विणलेला स्वेटर घातलेला, कशावर तरी हसणारा. दादाच्याच वयाचा. कान जरा बाहेर आलेले, मावशीसारखेच.

चिमटीनं फोटो मोठा करून ते कान पुन्हा पाहिले. मग धीर करून कॉल लावला.

उचलला. पण पडदा काळाच. कॅमेरा बंद. पलीकडून फक्त घरातले आवाज. खुर्ची सरकल्याचा, कसलंसं भांडं ठेवल्याचा. मावशीनं लिहिलेलं तेवढं आलं, बोल.

काय बोलायचं ते तिनं मनात पक्कं केलं होतं. सगळं बंद केलं मावशी, इथं आता कोणी घालत नाही, मी सगळ्यांना सांगितलं. म्हातारीला काय कळणार होतं समुद्रापलीकडून? तेवढ्यानं कॅमेरा लागला असता, कप दिसला असता, केस विंचरले नाहीस म्हणाली असती. तिचे ओठ उघडलेसुद्धा.

"तो तुमचा भाऊ आहे ना, त्या टोपीवाल्यांनी नेलेला," ती म्हणाली. फोननं ते नेऊन पोचवलं. पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली.

"माझ्या भावाच्या डोक्यावर ती टोपी अजून आहे. मी सांगितलं त्याला. त्यानं ऐकलं नाही. मास्तरांनीही नाही. मी मशीनवर घार आता लावत नाही. पण ते लावतात." तिचा आवाज चिरकला. "अभ्र्यावरची घार उसवली मी. बाकी माझ्यानं काही झालं नाही."

फोन त्याच्या गोड आवाजात हे सगळं तिकडे सांगत राहिला. चिरकणं त्याला जमत नव्हतं.

 लाईन तुटली की काय म्हणून तिनं पडद्यावर बोट टेकवलं. मग मावशीचा आवाज, हळू, थकलेला, आणि त्याच्यामागून भाषांतर.

"उद्या फोन करू नकोस. मी करीन. मला जमेल तेव्हा."

"बरं," चिमटी म्हणाली. एवढा एक शब्द भाषांतराच्या आधीच पोचला असावा, कारण कॉल बंद झाला.

ताग्यांवर मास्तरांनी कूस बदलली. "कोण होतं गं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"मावशी."

"काय म्हणते?"

ती बटणांचा डबा ओढून जवळ घेत म्हणाली, "करीन म्हणाली."