चाकांचा साचा

झुंबर लग्न होऊन जालन्याला आली, जिनिंग कारखान्यामागच्या खोलीत, तेव्हा बोलायला माणूस म्हणून तिला एकच होता, नवरा भुजंग. आणि तो तर सरकीच्या पोत्यासारखा गप! माहेरी, धावड्याला, तिचं बोलणं कोंबड्यासुद्धा ऐकून घ्यायच्या. इथं हंगाम नसल्यामुळं भिंतीपलीकडची यंत्रंही दुरुस्तीला उघडून मुकी पडली होती.

पण संध्याकाळ झाली की वेगळंच व्हायचं. भुजंग कारखान्यात फिटर होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा प्रत्येक फिटरनं आपल्या हातची एक वस्तू यंत्रापुढं ठेवायची, अशी तिथली रीत. यंदा भुजंगच्या मनात मालगाडी भरली होती. वीतभर इंजिन, मागं कापसाच्या गाठी लादलेले डबे, सगळं पितळी. डब्यांची चाकं म्हणजे चिंचोक्याएवढ्या चकत्या. भोक बरोबर मधोमध पडलं तर चाक सरळ पळणार, केसभर हुकलं की डबा लंगडणार!

भोक पाडायचा सामता, म्हणजे दोरीनं फिरणारं गिरमिट, ओढायला दोन्ही हात लागतात, म्हणून चकती झुंबरनं पक्कडीत धरायची. सामत्याची दोरी मागंपुढं व्हायला लागली की भुजंगची जीभही सैल सुटायची.

"त्या पुंजारामनं आज पट्टा उलटा चढवला, अन् वर मलाच म्हणतो, मशीन येडी झाली!"

"तुमच्या संगतीनं झाली आसंल," झुंबर म्हणायची.

तो खो खो हसायचा. तेवढ्या हसण्यावर तिचा दुसरा अख्खा दिवस निघायचा.

एकदा मात्र पक्कड घसरली आणि सामत्याचं टोक झुंबरच्या अंगठ्यात घुसलं. रक्त बघून भुजंगचाच चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं सागाचा ठोकळा आणला, त्यात चकती गच्च बसेल एवढा खड्डा कोरला. वर झाकण बसवलं आणि झाकणात, खड्ड्याच्या मधोमध येईल असं, एक भोक पाडलं. चकती खड्ड्यात टाकायची, झाकण लावायचं, ठोकळा पायाखाली दाबायचा आणि सामत्याचं टोक वरच्या भोकातून खाली सोडायचं. आखायला नको, कुणी धरायला नको.

"बघ, साचा! आता तुझ्या बोटाला बिलकुल तरास न्हाई."

"लई बेस झालं," झुंबर म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

अंगठा बरा झाला, तो दाखवावा असं तिला वाटलं. पण भुजंगची पाठ तिच्याकडं होती. साच्याशी काय बोलायचं असतं? तो मुक्यानंच चाकं पाडत राहिला. भाकरी थापताना झुंबर मुद्दाम जोरात थापायची, तरी मान वळायची नाही.

दुपारी करमेना म्हणून ती साचाच घेऊन बसायची. असंच एकदा तिनं सामत्याचं टोक झाकणाच्या भोकात घालून बघितलं, तर ते आत खुळखुळलं! लाकूडच ते. दर चकतीला टोक त्याला थोडं थोडं खात होतं. आता चाकांची भोकं हुकणार, हे झुंबरच्या लक्षात आलं, आणि तिनं साचा होता तसा जागेवर ठेवून दिला.

संध्याकाळी भुजंगनं डबा फळीवर ढकलला. डबा लंगडला. दुसरा ढकलला, तोही तसाच.

"माझाच हात गेला गं," तो म्हणाला. "जाऊ दे तो साचा चुलीत. ये, धर तू."

धर तू! हातातलं पीठसुद्धा न धुता झुंबर धावली, पक्कड घेऊन समोर बसली. आता बोलेल, मग बोलेल. पण भुजंग बोलेना. दोरी ओढायचा, थांबायचा, आपल्याच बोटांकडं बघायचा.

"कारभारीचा हात बी आसाच गेल्ता," एवढंच म्हणाला.

म्हातारा कारभारी शेजारच्या खोलीत राहायचा. हात कापायला लागला म्हणून त्याचं काम सुटलं होतं. भुजंग तर अजून तिशीतही नव्हता. झुंबरनं पक्कड खाली ठेवली. सांगावं, तर पुन्हा ती चूल आणि ती पाठ. न सांगावं, तर समोर हा असा चेहरा.

"आवं, तुमच्या हाताला काय बी झालं न्हाई," ती एका दमात म्हणाली. "झाकणाचं भोक सैल झालंय. दुपारीच पाह्यलं म्या."

"दुपारी? मंग आत्तापस्तोर तोंडात काय भाकर व्हती?"

झुंबर बोटांवरचं पीठ झाडायला लागली. त्यानंही पुढं विचारलं नाही. एवढा हलका झाला होता की लगेच पळाला आणि कारखान्यातून कडक पोलादाची बारीक नळी घेऊन आला. ती झाकणात ठोकून बसवली. आता टोक लाकडाला शिवणारच नव्हतं. पहिलंच चाक सरळ पळालं.

झुंबर उठली, पण चुलीकडं पाय वळेना. "म्या पाडू का एक?"

"तू?" भुजंगनं तिच्याकडं बघितलं, साच्याकडं बघितलं आणि सरकून जागा दिली.

तिनं ठोकळा पायाखाली दाबला, दोरी ओढली. किर्र, किर्र. पितळेचा कीस वर आला. भुजंगनं चाक खिळ्यावर फिरवून बघितलं. फिरताना ते जरासुद्धा डगमगलं नाही.

"आरं वा, बराबर आलं की! मंग ऱ्हायलेली तूच पाड. मी तवर कारभारीकडं बसून येतो. लई दिवसांत गेलो न्हाई."

आणि वहाणा घालून तो गेलासुद्धा! थोड्या वेळानं शेजारून त्याचं खो खो हसणं ऐकू आलं.

झुंबरचं दुसरं चाक पहिल्यापेक्षा सुरेख आलं. "आवं, हे बघा..." म्हणून तिनं ते उचललं. मग हळूच पहिल्याशेजारी ठेवलं आणि नवी चकती खड्ड्यात बसवली.