खुंट्याच्या दंडावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पट्टी आहे. मला बघून तुम्हाला वाटेल, कुणाच्या तरी जखमेवरून सुटून पडलेली चिंधी असेल. तसे समजू नका. एका नावाजलेल्या फुटबॉल क्लबच्या कर्णधाराच्या दंडावर मी बरीच वर्षे मिरवले आहे. तो मैदानात उतरला की सगळे प्रेक्षक उठून उभे राहत. त्यातल्या थोड्या टाळ्या माझ्यासाठीही आहेत असे मी मानत असे, आणि त्यात काही चूक होती असे मला अजून वाटत नाही.

माझा जन्म क्लबच्या धुलाईखोलीत झाला. तिथे कपडे धुणाऱ्या एक मावशी होत्या. बाजारातल्या इलॅस्टिकच्या पट्ट्या आमच्या कर्णधाराच्या दंडावर टिकतच नसत. पळताना त्या घसरत घसरत मनगटापर्यंत यायच्या, आणि समोरच्या संघातले खेळाडू त्याला विचारायचे, "बांगडी नवीन का?" शेवटी मावशींनी एका फाटलेल्या जर्सीची बाही कापली, दुहेरी करून शिवली, दोन्ही टोकांना नाड्या लावल्या आणि म्हणाल्या, "घे. आता ही पडली तर मी नाव बदलीन." मावशींना नाव बदलावे लागले नाही.

आमचा कर्णधार बचावपटू होता. गोल करणाऱ्यांचे फोटो भिंतींवर लागतात. बचावपटूचे काम म्हणजे समोरच्याला गोल करू न देणे, आणि जे झालेच नाही त्याचा फोटो कोण काढणार? तरीही लोकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. सगळे त्याला खुंटा म्हणत. गोलसमोर एकदा उभा राहिला की तो हटत नसे. विरोधी खेळाडू त्याला खांद्याने ढकलायचे, जर्सी ओढायचे, कानाशी येऊन नको ते बोलायचे. हलवून खुंटा बळकट, म्हणतात ना, तसा तो आणखीच घट्ट व्हायचा.

माझी एक अडचण होती. ज्याच्या दंडावर मी असेन त्याला मला स्वतः बांधता येत नाही. एका हाताने गाठ बसत नाही, दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. ते काम खुंट्याच्या शेजारी खेळणाऱ्या बचावपटूचे होते. क्लबमध्ये सगळे त्याला धाकटा म्हणत. दूरच्या गावातून आला तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती, म्हणून खुंट्याने त्याला आपल्याच घरी ठेवून घेतले. खुंट्याच्या वडिलांचा सारा जन्म ट्रक चालवण्यात गेला होता. त्यांनी धाकट्याला गाडी शिकवली आणि घराचे फाटक दोनदा ठोकू दिले. "तिसऱ्यांदा ठोकलंस तर फाटक तुझ्या नावावर करीन," एवढेच ते म्हणाले. असा हा घरचा मुलगा. प्रत्येक सामन्याआधी तो मला खुंट्याच्या दंडाभोवती दोन वेढे देई आणि अशी गाठ मारी की मी आवळतही नसे आणि सुटतही नसे.

आमच्या क्लबचा एक रिवाज होता. जुना कर्णधार आपल्या शेवटच्या दिवशी सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध उभा राहतो, दंडावरची पट्टी सोडतो आणि आपल्या हाताने नव्या कर्णधाराला बांधतो. तोपर्यंत ती दुसऱ्या कुणी घालायची नाही. खुंटा आजारी असला तर उपकर्णधार आपली इलॅस्टिकची पट्टी घालून खेळायचा. मी मावशींच्या कपाटात आराम करायचे.

मग एका वर्षी खुंट्याचा गुडघा कुरकुरू लागला. उपांत्य सामन्याआधीच थांबावे असे त्याच्या मनात आले. क्लबचे मोठे साहेब स्वतः मालिशच्या खोलीत आले आणि त्याच्या शेजारी बसले.

"एवढा एक सामना काढ," ते म्हणाले. "पुढे अंतिम सामना खेळता नाही आला तरी चालेल. पण त्या दिवशी मैदानात तूच येशील. पुढचा कर्णधार धाकटाच; त्याला पट्टी तूच बांधायची. शब्द देतो."

खुंट्याने शब्दावर विश्वास ठेवला. घरी जाऊन वडिलांना सांगितले. ते आजवर मैदानात आले नव्हते. गाडी चालवता चालवता रेडिओवर सामने ऐकायचे, आणि गाडी सोडल्यावरही ती सवय सुटली नाही. ते म्हणाले, "या वेळी येतो. तू ती पट्टी बांधताना मला बघायचंय." दुसऱ्या दिवशी खुंट्याने हे मावशींना सांगितले, म्हणून मला कळले.

उपांत्य सामना संपत आला होता. आम्ही एका गोलने पुढे होतो. चेंडू आमच्या गोलरक्षकाला चुकवून आत चालला होता, आणि खुंट्याने रेषेवर पाय लांब करून तो अडवला. चेंडू बाहेर गेला. गुडघ्यातून जो आवाज आला तो मी दंडावर असूनही ऐकला. आम्ही जिंकलो. त्याला स्ट्रेचरवर घालून नेत असतानाही त्याने मला सोडवून घेतले आणि मावशींच्या हातात दिले.

"नीट धुऊन ठेवा मावशी. आता एकदाच लागेल."

गुडघ्याचे ऑपरेशन झाले. अंतिम सामन्याच्या सकाळी साहेब धुलाईखोलीत आले. मी दोरीवर वाळत होते. "खुंट्यानेच मागवलीय," ते म्हणाले. मावशींनी मला इस्त्री करून दिली. मी खूश होते. मला वाटले, निघाले आता त्याच्याकडे.

पण बोळात साहेब एका फोटोवाल्याला म्हणाले, "कुबड्या घेतलेला कर्णधार फोटोत बरा नाही दिसत. नवा चेहरा पाहिजे." आणि ते ड्रेसिंग रूममध्ये शिरले.

"खुंट्याशी बोलणं झालंय," त्यांनी धाकट्याला सांगितले. "तो नको म्हणाला मधे उभं राहायला. आत्ताच घाल ही."

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. त्याचा फोन शेजारीच बाकावर पडला होता. मी वाट बघितली. खरेच सांगते, मी फार वाट बघितली. मग त्याने दंड पुढे केला.

साहेबांना गाठ जमली नाही. मी सारखी घसरत होते, म्हणून त्यांनी मला सेफ्टी पिन टोचली. इतक्या वर्षांत मला कुणी भोक पाडले नव्हते.

सामना आम्ही जिंकलो. शिट्टी वाजली आणि खुंटा कुबड्या टेकत मैदानात आला. त्याचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून रेषेच्या कडेला उभे होते. खुंट्याने मला धाकट्याच्या दंडावर बघितले. तरीही तो ठरल्याप्रमाणे मधोमध जाऊन उभा राहिला. बिचाऱ्याला वाटले असेल, आता धाकटा येईल, पट्टी काढून हातात देईल. धाकट्याने त्याला पाहिले, मान खाली घातली आणि तो इतरांबरोबर चषकाकडे पळाला. मीही त्याच्याबरोबर गेले; पट्टीला पाय नसतात. मागे एक कर्मचारी खुंट्याला सांगत होता, "जरा बाजूला व्हा, कॅमेऱ्यात येताय." वडिलांनी टाळ्यांसाठी वर केलेले हात खाली घेतले.

केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

काही दिवसांनी खुंटा आपले बूट न्यायला आला. ड्रेसिंग रूममध्ये धाकटा एकटाच होता.

"दादा," तो म्हणाला, "मला सांगितलं की तूच नको म्हणालास."

"मग मला विचारायचं होतंस."

धाकट्याने पिशवीतून मला काढले. पिन अजून तशीच होती. "आता बांध ना, दादा. तुझ्या हाताने."

खुंट्याने मला हातात घेतले, पिन काढली आणि भोकावरून अंगठा फिरवला. "बाबा शर्टाला स्वतः इस्त्री करून आले होते रे," तो म्हणाला. मग मला बाकावर ठेवून, बूट घेऊन निघून गेला. धाकट्याने मला पुन्हा कधी घातले नाही. तो इलॅस्टिकची पट्टी वापरतो. मी सध्या धुलाई यंत्राची गळकी नळी आवळून धरते आहे.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला नळीवर बांधा, नाहीतर फेकून द्या. पण ज्या माणसाने तुम्हाला घरात घेतले, त्याची जागा घ्यायची वेळ आली तर आधी त्याला विचारा. दुसऱ्याने काय सांगितले त्यावर जाऊ नका, त्याला विचारा. अवघड काहीच नव्हते. खुंटा त्या दिवशी हो म्हणायलाच आला होता.