शॉक कुणाला बसतो?

माझी खोली ताईच्या सायकलीची आहे. मी तिथे झोपतो, एवढंच. खिडकीकडची बाजू सायकलीला, कारण तिला ओल चालत नाही. मला चालते असं घरात परस्पर ठरलेलं आहे.

सायकल डाउनहिलची. टेकडीच्या माथ्यावरून दगड, मुळं आणि खड्डे यांच्यावरून ती खाली सोडायची आणि सगळ्यांच्या आधी खाली पोचायचं, असा हा खेळ. आईच्या मते हा खेळच नाही, पडायची पद्धत आहे. ताई मात्र यात खरोखर चांगली आहे. गेल्या वर्षी निवड फेरीत सातवी आली, आणि संघात घेतात सहा. यंदाची फेरी तिची शेवटची, कारण पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत नाही. रविवारी फेरी होती आणि त्याच आठवड्यात सायकलीचा मागचा शॉक बदलला होता.

मागचा शॉक म्हणजे सीटच्या खाली बसवलेलं हवेचं नळकांडं. चाक दगडावर आपटलं की ते दबतं आणि परत उघडतं. आमचं जुनं नळकांडं गळायला लागलं म्हणून ताईने एका ओळखीच्या खेळाडूचं वापरलेलं आणलं. तो माणूस अंगाने दाराएवढा. दारातून आत यायचा तेव्हा दार बंद झालं असं वाटायचं. ताई त्याच्या निम्मी.

शॉक सेट करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सायकलच्या दुकानात आहे. दुकानात मी टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विकतो, हे घरात कुणी मनावर घेत नाही. मीही घेतलं नाही. मी मालकांना एवढंच विचारलं, "शॉकला सुरुवात कुठून करू?"

मालक चाकाचे आरे ताणत होते. वर न बघता म्हणाले, "आधी सॅग मोज. बहीण बसल्यावर किती दबतो ते बघ. मग बाकीची अक्कल चालव."

मी थेट अक्कल चालवली.

सोमवारी ताई सरावाला गेली आणि टेकडीच्या पायथ्यावरून तिचा फोन आला. तोंडावर हेल्मेट, त्यात वारा, त्यात ताई.

"मागे शॉक बसतोय रे," ती म्हणाली.

"किती?"

"खूप. दगडांच्या पट्ट्यात तर विचारू नकोस."

आता बसतोय म्हणजे काय? खुर्ची बसते, जमीन बसते, भिंत बसते. शॉक बसतोय म्हणजे हवा कमी आहे, वजनाने खाली जातोय. इतकं सरळ होतं की मला स्वतःचा अभिमान वाटला. संध्याकाळी मी शॉकचा छोटा पंप लावला आणि हवा वाढवली.

मंगळवारी फोन.

"आणखी बसतोय."

"आणखी?"

"कालच्यापेक्षा जास्त. तू नक्की काय केलंस?"

"जे करायला हवं ते."

मी आणखी हवा भरली. शिवाय कम्प्रेशनचं निळं बटण घट्ट केलं, म्हणजे शॉक सहज दबणार नाही. लाल बटण रिबाउंडचं, दबलेला शॉक किती वेगाने परत उघडायचा ते ठरवणारं. तेही घट्ट केलं, कारण एकच बटण घट्ट ठेवणं दिसायला बरं नव्हतं.

बुधवारी ताई घरी आली ती लंगडत. सायकल भिंतीला लावली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी भिंतीला लागलो.

"बसतो म्हणजे किती बसतो, तुला कळतंय का? माझे दात हलले आज!"

ताई दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथे दिवसभर लोकांचे दात बसवतात, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा. मी खाली वाकून शॉक तपासला. त्याच्या दांड्यावर एक काळी रबराची कडी असते. शॉक जिथपर्यंत दबतो तिथपर्यंत ती सरकते आणि तिथेच राहते. म्हणजे शॉक कुठवर गेला होता, याची साक्ष ती देते. ती जेमतेम पाव दांड्यापर्यंत सरकली होती.

सरळ डोक्याच्या माणसाला यातून कळलं असतं की शॉक दबतच नाहीये. मला कळलं की कडी बिघडली आहे. दिवसरात्र बसणाऱ्या शॉकबद्दल ती खोटी साक्ष देत होती. मी कात्री आणली आणि कडी कापून टाकली.

"ते काय कापलंस?" ताईने विचारलं.

"अडकत होती."

"महत्त्वाचं नाही ना?"

"छे."

मग मी हवा भरली. पंपाचा काटा ज्या आकड्यांकडे गेला, तिकडे तो कारखान्यातून निघाल्यापासून गेला नसावा. शॉकवर मूठ मारून बघितली तर मूठ दुखली. याला म्हणतात शॉक, मी मनात म्हटलं. हा बसून दाखवू दे.

गुरुवारी ताईने फोन केलाच नाही. ती आली, हेल्मेट काढून फ्रीजवर ठेवलं आणि ओट्यापाशी उभी राहिली. खुर्चीवर बसेना.

"मी रविवारी जात नाही," ती म्हणाली.

"काय झालं?"

"दगडांच्या पट्ट्यात मागचं चाक असं उडवतं की मी पुढच्या चाकाच्या वरून जाणार, आज नाहीतर उद्या. मी ब्रेक दाबत खाली आले. ब्रेक दाबून कोणी सहावं येत नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "गेल्या वर्षी निदान मी भित्री नव्हते."

बोलायला तसं पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीच पंपाने भरण्यासारखं नव्हतं.

आई कणीक मळत होती. तिने हे चार दिवस सगळं ऐकलं होतं आणि सायकलीबद्दल तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. तिने हात धुतले आणि फोन केला.

शुक्रवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात वायरमन. खिशात टेस्टर, खांद्यावर वायरचं भेंडोळं.

"तुमच्याकडे शॉक बसतोय म्हणे."

"हो, या ना," आई म्हणाली. "चार दिवस झाले, रोज बसतोय, वाढतच चाललाय. मी पोरीला म्हटलं रबरी चपला घाल, तर ऐकत नाही."

"वस्तू कुठली?"

"सायकल."

वायरमन किंचित थांबला. पण आईने नाश्त्याचं विचारून ठेवलं होतं, त्यामुळे तो आत आला. माझ्या खोलीत उकिडवा बसला, सायकलीला टेस्टर लावला, हँडलला लावला, सीटला लावला.

"करंट नाही," तो म्हणाला.

"अहो, हा वेगळा शॉक आहे," मी म्हणालो.

"वेगळा म्हणजे? थ्री फेज?"

"तसा नाही हो. हे नळकांडं आहे ना, याला शॉक म्हणतात. हे बसतंय."

"बरं," वायरमन म्हणाला, आणि आपल्या धंद्यात रोज विचारतात तो प्रश्न विचारला. "कुणाला बसतो?"

"शॉकला," मी म्हणालो.

"मला," ताई दारातून म्हणाली. दोघं एकदमच बोललो.

वायरमनने टेस्टर एकदा माझ्याकडे फिरवला, एकदा ताईकडे.

"मला म्हणजे?" मी विचारलं.

"मला म्हणजे मला! दगडावर गेलं की पाठीत शॉक बसतो, दाण्‌दिशी. चार दिवस हेच सांगतेय ना?"

"शॉक खाली बसत नाही?"

"तो कशाला खाली बसेल? लाकडासारखा आहे तो! हललाय कधी?"

मी माझ्या पलंगावर बसलो. या बसण्याबद्दल मात्र दोन मतं नव्हती. सोमवारी जो शॉक तिला जरा कडक लागत होता, त्याचा मी पंप मारून मारून खलबत्ता केला होता. ती 'लागतंय' म्हणत होती आणि मी दर वेळी आणखी जोरात मारत होतो.

"ताई," मी म्हणालो, "माझ्याकडून एक छोटीशी..."

"बोलू नकोस," ताई म्हणाली. "हवा काढ."

मी हवा काढली. फुस्स करून एवढी हवा बाहेर आली की पडदा हलला. वायरमन म्हणाला, "हे आमच्यात येत नाही," पण गेला नाही.

मग मालकांनी सोमवारी सांगितलं होतं ते शुक्रवारी केलं. सॅग मोजायचा तर ताईने हेल्मेट, गुडघ्याचे पट्टे, बूट असं सगळं चढवून सायकलीवर बसायला हवं, जमिनीला पाय न लावता. आमच्याकडे एवढी मोकळी जागा फक्त स्वयंपाकघरात. ताई एका हाताने फ्रीज धरून सायकलीवर चढली, मागून वायरमनने सीट धरली. शॉक किती दबला हे दाखवायला कडी हवी होती, आणि कडी मी कापली होती. या विषयावर ताईने हेल्मेटच्या आतून जे काही म्हटलं, त्यातलं थोडंच बाहेर आलं. आईने भाजीच्या जुडीचं रबर दिलं. ते मी दांड्यावर बांधलं.

"फ्रीजला ओरखडा नको," आई म्हणाली.

हवा थोडी भर, ताई बसली, रबर बघ, जास्त दबला. हवा थोडी भर, ताई बसली, कमी दबला. काढ. साधारण तिसरा हिस्सा दबायला हवा होता. दर वेळी पंप काढताना जरा हवा निसटायची आणि मी घातलेला हिशेब बिघडायचा. मध्येच ताईचा बूट घसरला आणि तिने वायरमनचा खांदा पकडला. त्याने भेंडोळं सावरलं आणि पुन्हा सीट धरली. अखेर रबर जागेवर आलं. निळं बटण मी सैल केलं. लाल बटणही सैल केलं, कारण परत उघडायला वेळ लावणारा शॉक पुढच्या दगडापर्यंत दबलेलाच राहतो, आणि मग तो दगड थेट पाठीत येतो.

ताई इमारतीच्या पायऱ्यांवरून सायकल खाली सोडून बघायला गेली. पहिल्यांदा मागचं चाक उतरून दोनतीनदा डोललं, तेव्हा मी लाल बटण जरासं घट्ट केलं. पुढच्या वेळी चाक उतरलं, एकदा दबलं, वर आलं आणि गप्प झालं.

ताईने मागे वळून शॉककडे बघितलं. "हा हलतो!"

"मुळातच हलतो तो," मी म्हणालो.

"तू गप्प बस."

वायरमनला मात्र काम अपुरं वाटत होतं. आईनेही त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. त्याने खिशातून एक बारीक साखळी काढली, सीटखाली अडकवली आणि जमिनीला टेकेल एवढी लोंबती सोडली. "अर्थिंग," तो म्हणाला. आईचा जीव भांड्यात पडला.

रविवारी टेकडीवर, सुरुवातीच्या फळीपाशी, सायकली तपासणाऱ्या माणसाने ती साखळी दोन बोटांत उचलून धरली.

"हे काय?"

"अर्थिंग," मी म्हणालो.

त्याने ती काढून माझ्या हातात दिली. मी ती खिशात टाकली आणि धावत खाली, दगडांच्या पट्ट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

ताई वळणावर दिसली. मागचं चाक दगडांवर भराभर वरखाली होत होतं आणि ताई त्यावर जवळजवळ स्थिर होती. तिची बोटं ब्रेकवर होती, पण दाबलेली नव्हती. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, पण शेजारच्या माणसाने कानात बोट घातलं. ती पट्ट्यातून सरळ गेली, खालच्या वळणात शिरली, आणि मी ओरडतच तिच्यामागे पायथ्यापर्यंत पळालो.

ती हेल्मेट काढून जमिनीवर पसरली होती. मला बघून म्हणाली, "बसला."

कुणाला, असं विचारायला तोंड उघडलं, तर आवाज नाही. घसा पार गेला होता. मी शॉककडे बोट केलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा शॉककडे.

"जम, शहाण्या. जम बसला."

भोंग्यातून आकडे आले. ताई पाचवी. ती उठली, माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि मग बराच वेळ सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली.

घरी पोचलो तेव्हा आई वायरमनशी फोनवर बोलत होती. "पाचवी आली हो! एकदासुद्धा शॉक बसला नाही म्हणे. सगळी तुमच्या साखळीची करामत."

मी हात वर केला. साखळी माझ्या खिशात आहे, ती सायकलीला नव्हतीच, शॉक मी सेट केला, असं सगळं मला सांगायचं होतं. तोंडातून शॉकमधली हवा सुटावी तसा आवाज आला.

"आणि आता याचा घसा बसलाय," आई फोनवर म्हणाली. "याला काही करता येईल का?"