वाचून संपलेले अंक

मासिकांनी समाज घडवला, असं मधल्या पानावर ठळक छापलं होतं, आणि ‘समाज’ व ‘घडवला’ यांच्या मधोमध पिन घुसली होती. अंक कालच आलेला, पिन मात्र गंजकी. यशपालने ती नखाने उचकटली, बोटाला लागली. बरं झालं... राग कशावर तरी काढायला हवाच होता.

सीमाभागातल्या नियतकालिकांचा इतिहास : विशेषांक. त्यात वकिलांचं त्रैमासिक होतं, डॉक्टरांच्या सौभाग्यवतींचा दिवाळी अंक होता — फोटोसकट. ‘वखार’ नव्हतं. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, निपाणीत सायक्लोस्टाइलवर काढलेलं, तंबाखूच्या वखारीत एकीने मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्या बायकांनी पाला निवडत मुकादमाला हसायचं... ते सगळं ‘इतर किरकोळ पत्रके’ या तीन शब्दांत गाडलेलं.

खासबागेतल्या घराच्या गॅलरीतूनच त्याने अंकाच्या संपादकाला, नागेंद्रला, फोन लावला आणि ‘वखार’ का नाही ते विचारलं.

“अहो सर, एक तरी अंक दाखवा की! वकिलांच्याकडं बघा, सगळे अंक कोरे करकरीत. पानंसुद्धा कापलेली न्हाईत.”

म्हणजे इतिहासात जायचं तर अंक कुणी वाचलेला नसावा — हे म्हणायला हवं होतं. यशपाल म्हणाला, “खरं आहे.” बँकेतल्या साहेबापुढं म्हणतात तसं. मी का म्हणालो खरं आहे? आप्पा असते तर... आप्पांचा फोन नागेंद्रने घेतलाच नसता.

मग निपाणीला आईला, सोनुबाईला, फोन.

“आई, एकबी अंक न्हाय घरात?”

“वाचल्यावर कशाला ठिवायचा रं? पल्याडच्या वखारीत द्यायचा, तिथनं संकेश्वरला जायचा. एकदा एक अंक घडी न मोडता माघारी आला, तर तुजा बा दोन दिस जेवला न्हाय.” ती हसली.

“इतिहासात न्हाय घेतलं आप्पांना.”

“कुणी?”

“नागेंद्रनं.”

“त्यो कोण?”

राग होता, पण नागेंद्रवर नीट बसेना. घसरून हातातल्या अंकाकडं, तिथून आणखी आत कुठंतरी...

“तुझा वाचून झाला न्हवं? मग दे की कुणाला तरी,” आई म्हणाली.

फोन ठेवून तो अंक हातात धरून उभा राहिला. शेजाऱ्यांना मराठी वाचता येत नव्हतं. घरात सगळ्यांना येत होतं, पण कुणी वाचत नव्हतं.